रिकामबंट सायकल

कोसाड, सुरत
१७ जानेवारी २०२५

योगे,

आशीर्वाद आहेतच, ते काही संपत नाहीत. आधी कामाचं वाच.

दिवाळीत तू मोबाइलवर मला एक माणूस दाखवला होता. खुर्चीत रेलल्यासारखा बसलेला, पाय पुढं लांब केलेले, आणि तसाच बसल्या बसल्या सायकल चालवत होता. तीन चाकं होती. मी म्हणाले, हे काय, आजाऱ्याला गाडीत घातलंय का. तू हसली. आता हसू नको. ती सायकल कुठं मिळते आणि आपल्या ऐपतीची कोणती, ते लिहून कळव. फोन करू नको. लूमच्या खात्यात, मशीनच्या खडखडाटात बावीस वर्षं बॉबिन भरून माझे कान गेले, तरी तू फोन करते. मग तुझी आई मधी बसते, तू बोललेलं निम्मं सांगते आणि निम्मं तिच्या मनाचं घालते. कागद बरा. तो ओरडत नाही आणि मधलं खातही नाही.

सायकल तुझ्या आबासाठी. होळीला लकवा मारला तेव्हापासून डावा हात, डावा पाय कसे आहेत ते तू पाहिलंस. पण एक तुला कोणी सांगितलं नाही. गणपतीत तो काठी घेऊन गल्लीतल्या नळापर्यंत गेला आणि पडला. सगळ्यांसमोर. दोघांनी काखेत हात घालून उचलला, लहान पोराला उचलतात तसा. पडल्याचं दुखणं तीन दिवसांत गेलं. उचलल्याचं गेलं नाही. तेव्हापासून त्याने उंबरा ओलांडलेला नाही. डॉक्टर म्हणतात चाला. हा खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसतो आणि म्हणतो, आता नेलं तर बरं.

पस्तीस वर्षं हा माणूस कोसाडवरून कतारगामच्या लूमच्या खात्यात सायकलीने गेला, अमरोलीचा पूल ओलांडून, पावसातसुद्धा. परवा उत्तरायणला अख्खी सुरत गच्चीवर होती. एक पतंग तुटून आमच्या खिडकीच्या गजाला अडकला. ह्याने हात लांब केला असता तर मिळाला असता. नाही केला.

दोन चाकांवर तोल राहत नाही. तीन चाकं पाहिजेत. हाताने फिरवायची नको, पायाची पाहिजे. तू माणसं हलवायचं शिक्षण घेतेस ना नाशिकला? मग एक हलव.

तुझी आजी
सरलाबाई

---

नाशिक
२६ जानेवारी २०२५

आजी,

पाया पडते, पाय मागं घेऊ नकोस.

त्या सायकलीला रिकम्बंट म्हणतात. आमच्या फिजिओथेरपीच्या पुस्तकात तिचा उल्लेख आहे. पाठ टेकलेली, वजन बुडावर, तोल सांभाळायची भानगड नाही. आबांसारख्यांना चांगलीच. गणपतीतलं मला खरंच माहीत नव्हतं. बाबांनी नुसतं "बरे आहेत" एवढंच सांगितलं होतं.

पण आपल्याकडे ही दुकानात टांगलेली नसते. परदेशातून मागवायची तर किंमत ऐकून तुझे गेलेले कान परत येतील. मी शोधलं. पुण्यात एक निवृत्त गृहस्थ आपली वापरलेली विकतायत. पुढे दोन चाकं, मागे एक, जमिनीला लागून, एकदम हलकी. वळणावरही कलंडत नाही. निम्म्याहून कमी किमतीत देतील. मला वाटतं हीच घ्यावी.

त्यांना आबांचं माप हवंय. आबांना जमिनीवर बसव, पाठ भिंतीला, पाय सरळ लांब. भिंतीपासून टाचेपर्यंत किती भरतं ते कळव. गुडघा कुठे येतो तेही. आणि आबांना सांगितलंस ना, सायकल कोणासाठी आहे ते?

तुझी
योगिता

---

कोसाड
६ फेब्रुवारी २०२५

योगे,

तुझ्या रिकामबंटने घरात काय केलं ते ऐक. नाव बरोबर लिहिलं का? मला तसंच दिसलं. रिकामं बसून चालवायची म्हणून रिकामबंट, मला पटलं.

म्हाताऱ्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, लंगड्याची गाडी माझ्या दारात नको. मी सांगितलंय की माझे गुडघे गेले, बाजाराला जायला मला पाहिजे. तो म्हणाला, या वयात तुला सायकल? मी म्हणाले, तू पस्तीस वर्षांत शिकवली नाही, म्हणून आता तीन चाकं लागतात.

आता माप. जमिनीवर बस म्हणाले असते तर शंभर प्रश्न. म्हणून दुपारी जेवून तो खाटेवर उताणा झोपला होता, तेव्हा मी साड्यांना लावायची लेस घेतली, कंबरेपाशी एक टोक धरलं आणि टाचेपर्यंत ताणली. तेवढ्यात डोळे उघडले. बघतो तर बायको पायाशी उभी, हातात पट्टी, त्याला डोक्यापासून पायापर्यंत मोजतेय.

तुला माहीत आहे आपल्यात कोणाला आडवं करून मोजतात. बांबू तोडायच्या आधी.

असा उठून बसला, योगे! चौदा महिने असं उठताना मी त्याला पाहिलं नाही, अकरा महिने म्हण, माझा हिशोब कच्चा. म्हणाला, "माले मोजी ऱ्हायनी का? आजून जित्ता शे मी!" त्याचं बोलणं मी ओठांवर वाचते, कान गेल्यापासून. तोंड वाकडं झालं तेव्हा मला त्याचे वाकडे शब्दही नव्याने वाचायला शिकावं लागलं. पण हे मला भिंतीआडूनही कळलं असतं. मी म्हणाले, गादीला खोळ शिवायचीय. विश्वास नाही बसला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, खाटेवर माझ्याकडं डोळे लावून बसून राहिला. भिंतीकडं नाही, माझ्याकडं.

मला बरं वाटलं. रोज न्या न्या म्हणणारा माणूस एका लेसला घाबरला.

इंच मला येत नाहीत. लेसच पाठवते. पहिली गाठ कंबर, दुसरी गुडघा, टोक टाच. लेस परत पाठव, कामाची आहे.

आता तुझी पुण्याची सायकल. जमिनीला लागून म्हणतेस. तेवढ्या खालून म्हाताऱ्याला उठवायला क्रेन बोलवू का? परत काखेत हात घालून उचलतील. ज्यासाठी घ्यायची, तेच परत. आणि कोसाडच्या रस्त्यावर टेंपोचं चाक, म्हशीचं शेपूट, कुत्र्याचं तोंड, सगळं त्याच्या नाकासमोर. तुझ्या पुस्तकात रस्ता नसतो. दुसरी शोध.

सरलाबाई

---

नाशिक
१५ फेब्रुवारी २०२५

आजी,

लेस मिळाली. होस्टेलमध्ये कॉटवर पसरून मोजली. एक्केचाळीस इंच. मुली विचारत होत्या ही कोणाची साडी. मी सांगितलं, ही माझ्या आबांची उंची आहे, अर्धी. मग मला काय झालं माहीत नाही, मी बराच वेळ लेस हातात धरून बसले.

तुझं बरोबर आहे. माझं चुकलं. मी वळणाचा विचार केला, उठण्याचा केलाच नाही. आमच्या सरांना विचारलं तर तेही तेच म्हणाले. दुसरी जात असते. पुढे एक चाक, मागे दोन, आणि बसायची जागा उंच. जरा जड असते, वळण हळू घ्यावं लागतं, पण खाटेवर बसावं तसं तिच्यावर बसता येतं.

सरांना सुरतेपलीकडच्या सचिन गावातला एक माणूस माहीत आहे, मगनभाई. कारखान्यांच्या मागे त्यांचं वेल्डिंगचं शेड आहे. अपंगांसाठी हाताच्या तीनचाकी बनवतात. जुन्या सायकलींच्या सुट्या भागांतून अशी बनवू शकतील. बाबांना रविवारी घेऊन जा. एकटी जाऊ नकोस, कोसाडवरून सचिन म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक.

मगनभाईंना दाखवायला मोठ्या अक्षरांत वेगळा कागद पाठवते. बैठकीची उंची आबांच्या खाटेएवढी. डाव्या पॅडलला टाचेसकट पाय धरणारा पट्टा. दोन्ही ब्रेक एका उजव्या हातात, आणि उभी असताना ब्रेक अडकवून ठेवायची सोय, म्हणजे बसताना गाडी सरकणार नाही. आणि आधी डॉक्टरांना विचार. हे मात्र माझं ऐक.

योगिता

---

कोसाड
४ मार्च २०२५

योगे,

डॉक्टर हो म्हणाले, सकाळ-संध्याकाळ, उन्हात नाही. सचिनला मी एकटीच गेले. तुझ्या बापाला, हेमराजला, रविवारी झोपू दे. बारा तास लूमसमोर उभा राहतो, एक दिवस तरी आडवा पाहिजे. दोन बस बदलल्या. कंडक्टरला कागद दाखवला, त्याने उतरवलं.

मगन म्हणजे पन्नाशीचा गडी, डोळ्यावर काळा चष्मा, हातभर भाजल्याचे डाग. मी कानाला हात लावून मान हलवली, तशी त्याने खडू घेतला आणि लोखंडी पत्र्यावर लिहायला लागला. गुजराती. घाबरू नको, वाचता येतं. गुजराती अक्षरं म्हणजे आपलीच, डोक्यावरचा पदर पडलेली.

त्याने आधी हाताची गाडी दाखवली. मी म्हणाले, हात नको, पाय. पाय झोपलाय, त्याला उठवायचाय. मग तुझा कागद दिला. त्याने वाचला, डोकं खाजवलं आणि पत्र्यावर लिहिलं, "बा, सूईने सायकल कोण चलावे?" झोपून सायकल कोण चालवतं म्हणे. मी म्हणाले, झोपलेलाच माणूस आहे माझ्याकडं, त्याच्यासाठीच पाहिजे. हसला. चहा मागवला.

मग बसून ठरवलं. तो म्हणाला प्लॅस्टिकची खुर्ची कापून बसवू, स्वस्त पडेल. मी म्हणाले, सुरतेच्या घामात प्लॅस्टिकवर माणूस चिकटेल आणि उठताना चामडी निघेल. खाटेला विणतात ती नवार विण, हवा जाईल, मऊ पण राहील. तो म्हणाला गिअर घाला. मी म्हणाले, म्हाताऱ्याला रेस लावायची नाही. त्याने समजावलं, पुलाच्या चढावर हलकं जावं म्हणून. त्याचं खरं होतं, मी ऐकलं. ऐकत नाही असं नाही, ऐकू येत नाही एवढंच. तीन गिअरचं घालायचं ठरलं. रुंदी मी आमच्या दाराची मोजून सुतळी नेली होती. त्याने चार बोटं कमी धरली. माणूस शहाणा आहे. खाटेची उंची मी माझ्या गुडघ्यावर बोट ठेवून दाखवली, त्याने खडूने माझ्या साडीवरच खूण केली. परत येताना बसमधल्या बाया बघत होत्या.

पैशाचं विचारू नको. पुण्याच्या निम्म्यात होतंय आणि माझ्याकडं आहेत. घरी बसून लेस लावतेय ती काय फुकट लावते?

महिना लागेल म्हणाला. म्हातारा रोज विचारतो, तुझी गाडी कधी येते. मी म्हणते येईल. मनात म्हणते, तुला कशाला घाई, तुला तर जायचंय ना.

सरलाबाई

---

नाशिक
१४ मार्च २०२५

आजी,

एकटी गेलीस! बाबांना कळलं तर? मी सांगणार नाही.

माझी परीक्षा जवळ आलीय, म्हणून थोडक्यात. गाडी आली की पहिल्या दिवशी लांब जाऊ देऊ नकोस. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत, बस. आणि एक भीती आहे ती लिहितेच. पेशंट नाही म्हणाला तर आम्हाला शिकवतात की जबरदस्ती करू नका. आबा नाही म्हणाले तर तू चिडू नकोस. गाडी राहू दे दारात. कधीतरी बसतील.

योगिता

---

कोसाड
८ एप्रिल २०२५

योगे,

गाडी शनिवारी आली. मगनने टेंपोतून स्वतः आणली. निळा रंग दिलाय, मी सांगितला नव्हता. आत खोलीत उभी केली, कारण बाहेर ठेवली तर सकाळी नुसती चाकांची खूण राहील. म्हातारा खाटेवरून बघत होता.

रविवारी सकाळी मी साडी खोचली आणि चढले. तुझी भीती मला पण होती, मी काय दगड आहे का. पण मी ठरवलं होतं, त्याला काही म्हणायचं नाही. माझी आहे म्हणालेय तर मीच चालवणार. गाडीचं तोंड दाराकडं होतं. मी रेलून बसले, पाय पुढं, ब्रेक सोडला. उंबऱ्याला हेमराजने लाकडी फळी लावली होती, तिच्यावरून गाडी आपोआप घसरली आणि गल्लीत निघाली.

आता एक सांग. गाडी कोणाच्या मापाची होती? एक्केचाळीस इंच. माझे पाय त्या पॅडलांना नुसते बोटांनी लागत होते. एक फेरा मारला आणि दोन्ही सुटले. पॅडल आपले जागेवर, मी आपली पाय हवेत, गल्लीला उतार. दूधवाल्याने कॅन बाजूला ओढला. ब्रेक आठवायला मला नळ येईपर्यंत वेळ लागला. दोन्ही ब्रेक एका हातात ठेवायला सांगितलंस, ते माझ्यासाठी सांगितलंस असं झालं.

थांबले आणि मान वळवून बघितलं. गल्लीच्या मधोमध तुझा आबा. अनवाणी, बनियनवर, हातात काठी नाही. भिंतीला हात लावत लावत, डावा पाय ओढत येत होता आणि ओरडत होता. दारातल्या बाया उभ्या राहून बघत होत्या. मला पाठमोरीला काय कळणार, केव्हापासून ओरडत होता? जवळ आला तेव्हा ओठ वाचले. "पाय पुढे करीसन घरमाईन निघू नको! तू निघू नको!"

मला वाटत होतं त्याला गाडीची लाज वाटेल. तो बघत होता ते वेगळंच. बायको आडवी, पाय पुढं, उंबऱ्याबाहेर चालली. असं आपण एकदाच जातो ना. तोंडातून लाळ गळत होती, पुसायची शुद्ध नव्हती. मी पदराने पुसली. पदर झटकला नाही त्याने. गेले सहा महिने झटकत होता.

मग त्याने धापा टाकत गाडीकडं बघितलं. माझे पाय बघितले, पॅडल बघितलं. पस्तीस वर्षं लूमवर काढलेला माणूस, ताण्यातला एक धागा चुकला तरी लांबून ओळखायचा. म्हणाला, "हाई तुनं माप नही."

मी पाय साडीखाली ओढून घेतले.

"हाई मनं माप शे."

आता खोटं बोलून काय उपयोग? मी मान हलवली. तो उभा राहिला, नळाला धरून. तोच नळ. मला वाटलं आता शिव्या देईल, नाहीतर तोंड फिरवून घरी जाईल. मी तुझं ऐकणार होते, जबरदस्ती करणार नव्हते. खरंच.

तो म्हणाला, "उतर."

मी उतरले, ब्रेक अडकवला. बसायला त्याला कोणाचा हात लागला नाही, योगे. खाटेवर बसतो तसा बसला. डावा पाय मी पट्ट्यात बांधला. परत घरापर्यंत चढ होता, मी शेजारून चालले. उजवा पाय ढकलत होता, डावा नुसता फिरत होता. नुसता का होईना, फिरत होता.

एक अट घातलीय त्याने. दारातून गाडी तोंडाने काढायची नाही. आता रोज गाडी उलटी बाहेर काढतो, डोकं आधी, पाय नंतर. तुझ्या पुस्तकात असलं काही लिहिलंय का बघ.

सरलाबाई

---

नाशिक
१२ मे २०२५

आजी,

महिना झाला, पत्र नाही. आखाजीच्या सणाला यायचं होतं, पण परीक्षा आडवी आली. काल बाबांना फोन केला. म्हणाले, आबा आता घरी नसतात. आणि तेवढ्यात त्यांची लूमवरची पाळी सुरू झाली, फोन ठेवला. नसतात म्हणजे काय? कुठे असतात? हॉस्पिटलमध्ये? आई फोन उचलत नाहीये. तू लगेच लिही. माझं वाचनात लक्ष लागत नाही.

योगिता

---

कोसाड
१८ मे २०२५

योगे,

तुझ्या बापाला लूम समजतं, माणसाची भाषा समजत नाही. आबा घरी नसतात म्हणजे घरी नसतात. हिंडतात. रडली असशील तर तोंड धू.

सकाळी सहाला उलटी गाडी काढून जातो, आठला येतो. संध्याकाळी पाचला जातो, सातला येतो. आधी गल्ली, मग मेन रोड, आता अमरोलीच्या पुलापर्यंत जातो. पुलावर चढत नाही, खाली तापीकडं बघत थांबतो. खात्यातले जुने दोघे तिथं येतात. मगनने मागं लांब काठी आणि नारिंगी झेंडा लावून दिलाय, टेंपोवाल्याला लांबून दिसायला. रिक्षावाल्यांशी भांडतो. भाजी आणतो, वांगी किडकी आणतो, आणि मी दाखवली तर म्हणतो चालत्या गाडीवरून निवडली. डाव्या पायाचा अंगठा हलतो. तुझ्या सरांना सांग. चालणं अजून तसंच आहे, काठी लागते, ते मी लपवत नाही.

लोक थांबवून विचारतात, ही कुठून घेतली, आमच्याकडं पण एक आहे घरात बसलेलं. मी त्यांना मगनचा पत्ता देते आणि सांगते, दुकानात बघत हिंडू नका. आधी घरातली खाट मोजा, मग दार मोजा, मग माणूस. आणि माणूस जागा असताना मोजा.

पत्र का लिहिलं नाही विचारतेस. वेळ होता, त्याचं काय करायचं तेच मला कळत नव्हतं.

मागच्या होळीला त्याला लकवा मारला त्या दिवसापासून मी दिवसा डोळा मिटला नव्हता. तो उठायला गेला आणि पडला तर मला आवाज येत नाही ना. दुसऱ्या बाईला धप्प ऐकू येतं, ती धावते. मला बघावं लागतं. म्हणून बघत बसायचे. लेस लावताना पण एक डोळा खाटेवर. रात्री त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून झोपायचे, ओढलं गेलं की जाग यावी म्हणून. हे मी कोणाला सांगितलं नाही, हेमराजला नाही, तुझ्या आईला नाही. सांगून कोणाचे कान मिळणार होते?

आता सव्वापाच झालेत. तो गेलाय. तीन चाकांवरून माणूस पडत नाही असं तूच लिहिलंस. तुझी आई साड्या घडी करायच्या कामावरून सातला येते, हेमराज पाळीवर आहे. खाट रिकामी आहे, पंखा चालू आहे. घरात पडणारं कोणी नाही.

मी जरा पडते.

आजी